गावाबाहेरचं डॉग शेल्टर पुन्हा उभं करायचंय? पत्रे आणायच्या आधी कुत्रे मोजा

पहिल्यांदा एका पडझड झालेल्या शेल्टरवर गेलो तेव्हा आमच्या गाडीत रंगाचे डबे होते. वादळात अर्धे पत्रे उडालेले, एका बाजूचं कुंपण आडवं झालेलं, आणि आम्ही बारा जण हौसेनं ब्रश घेऊन उतरलो. दोन दिवसांत पिल्लांची खोली अशी चकाचक केली की फोटो बघून सगळ्यांनी वा वा केली, आणि मग तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पिल्लं त्या खोलीत आम्हीच एकत्र सोडली, खेळतील बिचारी म्हणून. पाचव्या दिवशी एकाला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना झपाट्यानं लागणारा विषाणूचा आजार. पुढचं लिहीत नाही, पण शेल्टर सांभाळणाऱ्या मावशी एवढंच म्हणाल्या, "मला आधी विचारलं असतं तर?"

तेव्हापासून बरीच शेल्टरं बघितली, काही उभी करायला हातभार लावला, आणि चुका करत करत जे कळलं ते इथे क्रमानं लिहितेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

१. जाण्याआधी फोन करा आणि ऐका

खेड्यातलं शेल्टर म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन माणसं, तीही वर्षानुवर्षं सुट्टी न घेतलेली. त्यांना कोणता कुत्रा कोणाला चावतो, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणता डॉक्टर रात्री फोन उचलतो, हे सगळं तोंडपाठ असतं, फक्त कुठे लिहिलेलं नसतं. आपण शहरातून जाऊन पहिल्याच दिवशी "हे असं नका करू, तसं करा" सुरू केलं की काम तिथेच संपतं. फोनवर एकच विचारा, "या आठवड्यात तुमचं कोणतं काम अडलंय?" उत्तर बहुतेक वेळा अगदीच साधं येतं. पाण्याची मोटर, गाठीचं औषध, एका कुत्रीला डॉक्टरकडे न्यायला गाडी. तेच करा. विश्वास तिथून बसतो.

आणि हो, न विचारता वाईट अवस्थेचे फोटो टाकू नका. तुम्हाला वाटतं मदत येईल, प्रत्यक्षात त्या माणसांना शिव्या खायला लागतात.

२. कुत्रे मोजा, आणि त्यांचे दिवससुद्धा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही. एक अख्खी सकाळ घ्या, प्रत्येक कुत्र्याचं कार्ड करा: समोरून आणि बाजूनं फोटो, नर की मादी, अंदाजे वय, कधी आला, नसबंदी झालीय का, कोणती लस कधी दिली, कोणाबरोबर राहतो, कोणाशी पटत नाही. वहीत केलं तरी चालेल, स्प्रेडशीट असेल तर उत्तम.

मग एक साधा गुणाकार करा. रोज सरासरी किती कुत्रे येतात गुणिले एक कुत्रा सरासरी किती दिवस राहतो. रोज एक येतो आणि साठ दिवस राहतो, तर तुम्ही कधीही गेलात तरी तिथे साठच्या आसपास कुत्रे दिसणार. तोच मुक्काम तीस दिवसांवर आणला की तिथे तीसच राहतात, येणाऱ्यांचा आकडा तेवढाच असला तरी. म्हणजे साठ पिंजरे बांधायचे का तीस, हा प्रश्न गवंड्याला विचारायचा नसतो, कुत्र्याला घर मिळायला किती दिवस लागतात त्यावर तो ठरतो. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण प्रत्येक वेळी एकच बघायचं, यानं कुत्र्याचा मुक्काम कमी होतोय का.

दुसरा हिशोब हातांचा. शेल्टरच्या क्षेत्रात एक जुना ठोकताळा वापरतात, एका प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं, त्यातली ९ सफाईला आणि ६ खाण्यापिण्याला. चाळीस कुत्रे असतील तर ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास, आणि यात फिरवणं, औषधं, लाड काहीच धरलेलं नाही. तिथे एकटीच बाई असेल तर नवीन पिंजरे बांधून तिच्यावरचा भार वाढेल का कमी होईल, तुम्हीच सांगा.

३. स्वतःची काळजी

पटकन सांगते पण हलक्यात घेऊ नका. नियमित जाणार असाल तर रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. चावलं किंवा दात लागून ओरखडा आला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आधी लस घेतली असली तरीही जायचंच, कारण पुढचे डोस लागतात. चावणारा कुत्रा पुढचे १० दिवस नजरेसमोर ठेवा, त्याला घाईत कुठे पाठवून देऊ नका. दोन कुत्री भांडत असतील तर मध्ये हात घालायचा नाही, पाण्याची बादली ओता, पत्रा किंवा फळी मध्ये सरकवा, डबा बडवा. पायात बंद बूट हवेत. घरी तुमचा स्वतःचा कुत्रा असेल तर शेल्टरचे कपडे-बूट घरात नेऊ नका, पार्व्हो बुटाला चिकटून प्रवास करतो.

४. आधी आजारी वेगळे करा, मग बांधकामाचं बघा

आमचं जे चुकलं ते इथे. नवीन आलेला प्रत्येक कुत्रा १४ दिवस वेगळा ठेवायचा, दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. पार्व्होची लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात पण काही वेळा दोन आठवडेही लागतात, आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा जीवघेणा विषाणूचा आजार) तर त्याहून उशिरा डोकं वर काढू शकतो. वेगळी खोली नसेल तर आवारातला एक कोपरा ठरवा, तिथली भांडी, झाडू, पट्टे सगळं वेगळं, त्यावर लाल रंगाची खूण करा म्हणजे नवीन व्हॉलंटियरलाही कळतं.

सफाईचा क्रम पाठ करा: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठे, मग क्वारंटाइनवाले, शेवटी आजारी. उलटं कधीच नाही. आजाऱ्यांकडे गेलेला माणूस त्या दिवशी पिल्लांना हात लावणार नाही, कितीही गोड दिसली तरी.

पार्व्होबद्दल थोडं जास्त सांगते कारण शेल्टरं याच्यामुळेच बसतात. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ झालाय. मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि फरशी पुसायची बरीचशी सुवासिक द्रावणं त्याला ढिम्म हलवत नाहीत. स्वस्तात चालणारं म्हणजे पातळ ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट). ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात साधारण ३० मिली, आणि जागेवर १० मिनिटं ओलं राहायला हवं. पण शी-लघवी तशीच असताना वरून ब्लीच ओतून काहीही होत नाही, आधी खरवडून, साबणाच्या पाण्यानं धुवून, निथळू द्यायचं आणि मगच ब्लीच. लघवीत अमोनिया असतो, त्यावर ब्लीच पडलं की डोळे झोंबणारा विषारी वायू सुटतो, तसंच ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरबरोबरही ते कधी मिसळायचं नाही. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ठेवलं की त्याचं पाणी होतं. आणि मातीची अंगणं ब्लीचनं शुद्ध होत नाहीत, त्यामुळे जिथे पार्व्हो झालाय त्या मातीवर वर्षभर तरी लस पूर्ण न झालेली पिल्लं सोडू नका.

लस आल्या आल्या, गेटवरच द्यायची. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अडेनोव्हायरसची एकत्रित लस शेल्टरमध्ये पिल्लांना ४ ते ६ आठवड्यांपासून सुरू करतात आणि साधारण २० आठवड्यांपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी देत राहतात. घरातल्या पिल्लापेक्षा हे वेळापत्रक जास्त कडक असतं, कारण इथे धोका रोजचा. डॉक्टरांना विचारूनच करा, पण "आधी बघू, राहतोय का" म्हणून थांबू नका. पुराचं पाणी येऊन गेलं असेल तर उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस) विचारा, तो माणसालाही होतो.

५. आता बांधकाम

क्रम असा: कुंपण, पाणी, गटार, सावली, मग पिंजरे, आणि रंग एकदम शेवटी. लोकांना पिंजरे बांधायचे असतात कारण ते फोटोत दिसतात. गटाराचा फोटो कोणी काढत नाही, पण शेल्टरचं आयुष्य गटारावर चालतं.

कुंपणाची जाळी निदान एक फूट जमिनीत पुरा, किंवा खालच्या बाजूला आतल्या अंगाला आडवी वळवून त्यावर दगड ठेवा, नाहीतर उकरणारा एक बहाद्दर निघतोच. गेट दुहेरी हवं, म्हणजे एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पळालेल्या कुत्र्यामागे शेतातून धावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली की हे आपोआप पटतं.

फरशीला उतार द्या, मीटरला २ सेंटीमीटर पुरतो. पाणी एका पिंजऱ्यातून शेजारच्यात जाता कामा नये, प्रत्येकाचं थेट बाहेरच्या नाल्यात. कॉन्क्रीट टाकलं की आठवडाभर तरी ओलं ठेवायचं आणि तोवर कुत्रे त्यावर सोडायचे नाहीत, ओल्या सिमेंटनं पंजे भाजतात. पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात हे गवंडी सांगतो पण आपण ऐकत नाही.

जमलं तर प्रत्येक पिंजरा दोन भागांचा करा, मध्ये वर सरकणारं दार. कुत्रा एका बाजूला असताना दुसरी बाजू धुवायची. त्याला बाहेर ओढायला नको, अंगावर पाणी नको, आणि भित्र्या कुत्र्याला रोज सकाळी कोणाशी झटापटही नको. असोसिएशन ऑफ शेल्टर व्हेटेरिनेरियन्स या शेल्टरच्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही, २०१० मध्ये निघालेली आणि २०२२ मध्ये सुधारलेली, अशा दुहेरी जागेवर भर दिलाय. पैसे कमी असतील तर वीस साध्या पिंजऱ्यांऐवजी दहा दुहेरी बांधा असं मी म्हणेन, वरचा गुणाकार आठवा. दोन पिंजऱ्यांमधली भिंत खालून चार फूट तरी भरीव ठेवा, समोरासमोर जाळी असली की दिवसभर एकमेकांवर भुंकतात, आणि केनेलमधला आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, तुमचे कान दुखतात तर त्यांचे काय होत असेल.

पत्रा थेट डोक्यावर नको, वर हवा खेळायला जागा सोडा, नाहीतर उन्हाळ्यात भट्टी होते. झोपायला जमिनीपासून उचललेली फळी किंवा खाट.

एक बारीक गोष्ट. रोज काम संपलं की दोरीला एक मोठं लोहचुंबक बांधून पूर्ण आवारात ओढत फिरवा. पहिल्या दिवशी मला हे फारच नाटकी वाटलं होतं. अर्ध्या तासानं चुंबकाला ओंजळभर खिळे, तारेचे तुकडे आणि एक ब्लेड चिकटलेलं बघितल्यावर गप्प बसले.

आता खरा प्रश्न, काम चालू असताना कुत्रे कुठे ठेवायचे? एकदम सगळं पाडू नका, चार-चार पिंजऱ्यांचे टप्पे करा आणि त्या चौघांसाठी फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं घरी ठेवणारी माणसं, शोधा. इथे एक गंमत आहे. "कुत्रा दत्तक घ्याल का" म्हटलं की लोक मागे सरकतात, पण "शेल्टरचं काम चाललंय, फक्त दोन आठवडे ठेवाल का" म्हटलं की तेच लोक हो म्हणतात, कारण तारीख ठरलेली असते. आणि त्यातले काही जण दोन आठवड्यांनी फोन करून हळूच विचारतात, परत आणायलाच हवा का? बांधकामाचे दिवस म्हणजे घरं शोधायची सगळ्यात चांगली वेळ, ही संधी वाया घालवू नका.

६. कुत्रा घरी जाण्यालायक करणं

हाडं दिसणारा उपाशी कुत्रा आला की आपला जीव तुटतो आणि आपण ताट भरून वाढतो. नका करू. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक भरपेट खाणं मिळालं तर रक्तातले क्षार बिघडून तो दगावूही शकतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत न्यायचं. जंताचं औषध, गोचीड-पिसवा, खरजेची तपासणी हे सगळं क्वारंटाइनच्या चौदा दिवसांतच उरका म्हणजे ते दिवस फुकट जात नाहीत. नसबंदी घरी जाण्याआधीच झालेली बरी, "नंतर करून घेऊ" असं सांगणारे बहुतेक विसरतात, आणि सहा महिन्यांनी सात पिल्लं खोक्यात घालून तुमच्याच दारात येतात.

स्वभावाबद्दल घाईत शिक्का मारू नका. पिंजऱ्यात दात दाखवणारा कुत्रा बाहेर शेतात नेला की वेगळाच निघतो. आमच्याकडे भुऱ्या नावाचा एक होता, कार्डावर "चावतो" असं लाल पेननं लिहिलेलं. एक मुलगी रोज त्याच्या पिंजऱ्याबाहेर त्याच्याकडे पाठ करून पुस्तक वाचत बसायची, बाकी काही नाही, हात पुढे करणं नाही, बोलणं नाही. नवव्या दिवशी त्यानं जाळीतून तिच्या वेणीचा वास घेतला. मग कळलं की तो फक्त झाडू बघितला की अंगावर जातो, माणसावर नाही. झाडू लपवला, कार्ड बदललं.

७. फोटो आणि चार ओळी

जाळीमागचे करुण फोटो नकोत. कुत्र्याला बाहेर काढा, दमवा, मग खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा, सकाळी किंवा सावलीत. काळ्या कुत्र्यामागे फिकट भिंत किंवा गवत हवं, नाहीतर फोटोत नुसते दोन डोळे येतात.

लिहिताना "बिचारा, कोणी आहे का याचं" असं लिहून लोकांना रडवता येतं, घर मिळत नाही. भुऱ्याबद्दल आम्ही लिहिलं ते असं: "वय अंदाजे चार. नवीन माणसाला पहिल्या दिवशी जवळ येऊ देत नाही, चौथ्या दिवशी पायावर डोकं ठेवून झोपतो. झाडूला घाबरतो, त्यामुळे झाडताना दुसऱ्या खोलीत ठेवावं लागेल. मांजर असलेल्या घरी नको. शांत, मोठ्या माणसांच्या घरी आवडेल." दोष लिहिले की फोन कमी येतात हे खरं, पण जे येतात ते योग्य येतात. आणि जात-बित अंदाजानं लिहू नका, नुसतं बघून सांगितलेली ब्रीड डीएनए तपासणीत बऱ्याचदा चुकीची निघते.

८. घर शोधणं

फॉर्म ठेवा पण पोलीस चौकशी करू नका. गप्पा मारा: दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाला माहितीय का, आधीच्या कुत्र्याचं काय झालं, बाहेरगावी गेलात तर कोण बघणार. घरातल्या सगळ्यांनी येऊन भेटायचं, आजोबांना नको असेल तर ते आधीच कळलेलं बरं. घरी दुसरा कुत्रा असेल तर दोघांची भेट मोकळ्या जागेत, शेजारी शेजारी चालवून. पिल्लं आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायची नाहीत, कोणी कितीही हट्ट केला तरी.

मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) बसवली तर तिचा १५ आकडी नंबर नव्या माणसाच्या नावानं नोंदवा, ही पायरी सर्रास राहून जाते आणि मग त्या चिपचा काही उपयोग नसतो. चिप म्हणजे जीपीएस नाही हेही समजावून सांगा, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. पहिल्या दोन आठवड्यांत कुत्रे सगळ्यात जास्त पळतात, तेही गाडीचं दार उघडताना, म्हणून आधी पट्टा हातात आणि मगच दार. लांबच्या गावी पाठवायचा असेल तर घेणाऱ्याचा त्या दिवशीचा होकार आल्याशिवाय गाडी हलवू नका.

घरच्यांना तीन-तीन-तीनचा हिशोब सांगून ठेवा. तीन दिवस बावरलेला असतो, खातही नाही कधीकधी, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. प्रत्येक कुत्र्याला तंतोतंत लागू होत नाही, पण "दुसऱ्याच दिवशी परत घेऊन जा" हे फोन यानं खूप कमी होतात. तुम्हीही त्याच हिशोबानं फोन करा, तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यात. आणि नाहीच जमलं तर कुत्रा परत घ्या, टोमणा न मारता. टोमण्याच्या भीतीनं लोक परत आणत नाहीत, रस्त्यावर सोडतात.

९. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

वादळानंतर पहिल्या महिन्यात पन्नास माणसं येतात, चौथ्या महिन्यात तीन. त्या तिघांसाठीच आखणी करा. महिन्यात एकदा आठ तास येण्यापेक्षा दर शनिवारी दोन तास येणारा माणूस मला जास्त हवा. मातीत हात घालणं जमत नसेल तर घरी बसून कार्डं अपडेट करा, फोन घ्या, जमाखर्च लिहा, बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. पैशांचा हिशोब पहिल्या दिवसापासून उघडा ठेवा, नंतर मागितला की भांडणं होतात. आणि शेल्टर सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी मिळेल असं वेळापत्रक लावा. आमच्या मावशींना पहिली सुट्टी मिळाली तेव्हा त्या दुपारी बारा वाजता परत आल्या होत्या, करमत नाही म्हणून. पुढच्या वेळी आम्ही गेटची किल्लीच काढून घेतली.

भुऱ्याच्या घरून तिसऱ्या महिन्याचा फोन मागच्याच आठवड्यात झाला. रिटायर झालेले एक काका आहेत. म्हणाले, सगळं मस्त चाललंय, फक्त आता घरात झाडू कोण मारणार यावर आमच्या घरी रोज वाद होतो.